वेगळ्या रकान्यातला केस

४ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला हे ओरडून सांगायचं नाही, म्हणून पत्र.

सरळ विचारतो. आपल्या घराण्यात कुणाकुणाला टक्कल पडलं, कितव्या वर्षी पडलं आणि कुठपर्यंत जाऊन थांबलं? घरातले सगळे फोटो तुझ्याच ट्रंकेत आहेत, आणि फोटोच्या मागे तारीख लिहिणारी घरात तू एकटीच.

डॉक्टरांनी विचारलंय. झालं असं, की आमच्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी गेल्या महिन्यात समोरच्या भिंतीलाही आरसा लावला, म्हणजे गिऱ्हाइकाला चष्मा बाजूनेही दिसावा. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी एकटाच आरसे पुसत होतो. कपाळ मागे सरकतंय म्हणून दोन वर्षं मी टोपी घालतोच, पण तेव्हा कुणी नव्हतं, टोपी खुंटीवर होती. मान वर केली तर दोन आरशांच्या मधे एका माणसाची पाठ दिसली. टाळूवर बशीएवढी मोकळी जागा. मनात म्हटलं, बिचारा, आणि इतक्या सकाळी आत कसा आला? मग त्याने माझ्याबरोबर फडकं हलवलं.

केसांच्या दवाखान्यात जाऊन आलो. हेअर ट्रान्सप्लांट म्हणतात, डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावायचे. वीस एप्रिलची तारीख धरून ठेवली आहे, पाच एप्रिलपर्यंत पक्कं कळवायचं. स्वतःच्या दुकानासाठी साठवलंय त्यातलं निम्मं जाईल. करू की नको असं मी विचारत नाही. फक्त टकलांची यादी हवी.

बाबांना बोलू नकोस. ते हसतील, आणि हसताना स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतील.

तुझा,
कुरळ्या (नावापुरता)


११ जानेवारी

चिरंजीव कुरळ्या,

आशीर्वाद आणि नऊ प्रश्न. आशीर्वाद फुकट आहेत, प्रश्नांची उत्तरं लागतील.

आधी यादी. तुझे आजोबा, म्हणजे माझे वडील: लग्नाच्या फोटोत भांग आहे. चार वर्षांनी मी त्यांच्या मांडीवर बसले आहे त्या फोटोत कपाळ आणि टाळू यांची भेट झालेली आहे. थोरले काका: तसंच, पण दोन वर्षं उशिरा, कारण तो सगळंच उशिरा करायचा. तुझे बाबा: अठ्ठाविसाव्या वर्षी सुरुवात, चाळिशीला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत झालर उरली, ती अजून शाबूत आहे. तुझ्या आईकडचे मामा सत्तरीतही न्हाव्याला दमवतात. तेव्हा केस तू बापाकडून घेतलेस. नाक आईचं मिळालं, हे उपकार विसरू नकोस.

फोटो काढले तेव्हा एक गोष्ट दिसली. आपल्याकडचे पुरुष तिशीनंतर हमखास मागच्या रांगेत, एखाद्या उंच माणसाच्या आडोशाला. मी इतकी वर्षं समजत होते, बायकांना पुढे बसू देतात, किती मर्यादशील!

आता माझे प्रश्न. मागचे केस काढले की तिथे परत उगवतात का? नसतील तर हे पायावरची चादर तोंडावर ओढून घेण्यासारखं झालं. लावलेले राहिले, पण शेजारचे जुने गळायचे थांबणार का? नाही थांबले तर पुढे कुंपण आणि मागे मोकळं मैदान, असं दिसेल त्याचं काय? लावलेल्या केसाला कळतं का आपण कुठे येऊन पडलो ते? दुखतं का? हे काम डॉक्टर स्वतः करतात की हाताखालची माणसं? किती दिवसांनी दिसतं? न उगवलं तर कुणाला धरायचं? आणि नववा: तुला केस कशासाठी हवेत?

मी मॅट्रिकपर्यंत शिकले, पण शरीरशास्त्रात केसांवर अर्धं पानसुद्धा नव्हतं. सकाळी देवाजवळ बसले तेव्हा त्यालाही विचारलं. तो गप्प. म्हणून तुला विचारते.

माझं मत विचारलं नाहीस तरी सांगते: देवाने दिलं, देवाने नेलं, मधे आपण कशाला पडा? पण माहिती घ्यायला देवाची ना नाही. तुझ्या आतोबांची हयात घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. ते म्हणतात, गळती किती हे बघितल्याशिवाय कुणी नळ बदलत नाही. (हो, त्यांना सांगितलं. पस्तीस वर्षांत त्यांच्यापासून मी काही लपवलेलं नाही, तुझ्यासाठी सुरुवात कशी करू?) तेव्हा उशीवरचे, कंगव्यातले, आंघोळीच्या जाळीवरचे केस रोज गोळा कर. आठवड्याचे एका पाकिटात घालून मला पाठव. मी मोजते.

तुझी आत्या


२० जानेवारी

प्रिय आत्या,

पाकीट पहिलं सोबत आहे. हे पोस्टात टाकताना मला कसं वाटलं ते विचारू नकोस.

उत्तरं. काढलेल्या जागी परत उगवत नाही. आजूबाजूचे केस ती जागा झाकतात, म्हणून मागचा साठा बेतानेच वापरायचा. मागचा केस मुळात हट्टी, पुढे लावला तरी मागच्यासारखाच वागतो, म्हणून टिकतो. त्याला कळत नाही आपण कुठे आलो ते, हाच त्याचा गुण. शेजारचे मात्र गळत राहू शकतात, त्यासाठी औषध वेगळं. भूल देतात, पण दिवसभर पडून राहावं लागतं. लावलेले केस महिनाभरात गळून पडतात, घाबरायचं नाही, मुळं आत असतात. तीन-चार महिन्यांनी कोंब येतात आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष. काम कोण करतं हे काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "आमची टीम." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "हा प्रश्न तुमचा की घरच्यांचा?" मी म्हटलं, आत्याचा. म्हणाले, "छिद्रं मी स्वतः पाडतो, केस माझी माणसं बसवतात, मी समोर असतो. आत्यांना सांगा." न उगवलं तर कुणाला धरायचं, यावर ते हसले.

एक विनंती. मला कुरळ्या म्हणू नकोस. सहाव्या वर्षी ठीक होतं.

इथे बोलायला कुणी नाही. मालकांना गिऱ्हाइकाशिवाय काही सुचत नाही. नजर तपासायला एक बाई आहेत, त्या आपल्या अंधाऱ्या खोलीत असतात.

तुझा


९ फेब्रुवारी

चिरंजीव माजी कुरळ्या,

आठ उत्तरं पोचली. नववं आलं नाही. विसरलास असं समजते, दडवलंस असं समजत नाही.

मोजणी अशी केली: पांढरा कागद, त्यावर चिमट्याने दहा-दहाचे गठ्ठे. पहिल्या पाकिटाच्या वेळी तुझे आतोबा शिंकले आणि दोनशे सत्तर केस स्वयंपाकघरभर झाले. ते गुडघ्यावर बसून वेचू लागले. मी म्हटलं, त्यात माझे येतील, राहू द्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आता मोजताना त्यांना गॅलरीत बसवते.

पहिला आठवडा सहाशे बारा. दुसरा चारशे ऐंशी. तिसरा तीनशे तीन. बघितलंस? दर आठवड्याला दीडशेच्या आसपास गळती कमी होते आहे. याच हिशेबाने फेब्रुवारी संपायच्या आत गळती शून्यावर येते. नळ आपोआप दुरुस्त झाला. मग त्या वीस तारखेची गरज काय राहिली? मी देवाचे आभार मानून मोकळी झाले. डॉक्टरांना हे आकडे दाखव आणि तारीख सोडून दे.

एक किरकोळ बाब. तिसऱ्या पाकिटात एक केस वेगळा निघाला. किंचित तांबूस, शेवटाला वळण. पट्टीने मोजला, साडेचौदा इंच भरला. तुझा नाही. तुझ्या हिशेबात धरला नाही, वहीत वेगळा रकाना आखून त्यात ठेवला आहे. खुलासा करावा.

तुझी आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आकडे डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तुझं पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "डोकं किती दिवसांनी धुता?"

मग मला कबूल करावं लागलं, तुलाही करतो. पहिल्या आठवड्यात मी दोनदा डोकं धुतलं. दुसऱ्यात एकदा. तिसऱ्यात धुतलंच नाही आणि कंगव्याऐवजी बोटं फिरवली. तू एवढी मन लावून मोजतेस, आकडा मोठा आला की तुला वाईट वाटेल, असं वाटत होतं. तुझं समाधान व्हावं म्हणून मी डोक्याला खाज आणून घेतली.

डॉक्टर म्हणाले, दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच गळतात, तुमच्या आत्यांचेही. सहाशे बारासुद्धा त्यातच बसतात. गळालेल्यांच्या संख्येवरून टकलाचं काही कळत नाही. पत्र परत देताना मात्र म्हणाले, "यांना दवाखान्यात नोकरी द्यायला हवी."

तो लांब केस नजर तपासणाऱ्या बाईंचा असावा. आमचे कोट एकाच खुंटीला असतात. त्या जूनमध्ये दुसऱ्या गावी जाणार आहेत, मोठ्या इस्पितळात जागा मिळाली आहे, म्हणून सध्या दुकानात सगळी धावपळ आहे.

तारीख वीसच.

तुझा


२७ फेब्रुवारी

चिरंजीवास,

डोकं न धुता आत्याला खूश करणारा भाचा माझ्या पाहण्यात दुसरा नाही. हिशेबात लबाडी करतोस आणि वर कौतुक मागतोस! पण चूक माझीही आहे. आकडा खाली आला की मला बरं वाटतं, मग तो का खाली आला हे विचारायचं राहून जातं. ही खोड जुनी आहे.

आता नीट ऐक. तुझी पाकिटं मी पुन्हा उघडली. प्रार्थनेच्या पुस्तकासाठी तू पाठवलेलं भिंग घेतलं आणि मोजण्याऐवजी बघितलं. तुझ्या केसांत दोन जाती आहेत. काही दोऱ्यासारखे जाड. काही कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि आखूडही. शंभरात तीसेक असे. माझे स्वतःचे दहा बघितले, आतोबांच्या झालरीतले पाच बघितले (ते म्हणाले, "जपून, भांडवल कमी आहे"), त्यांत असे नाहीत. म्हणजे तुझे केस गळण्याच्या आधीच बारीक होत चालले आहेत का? याला डॉक्टर काय म्हणतात ते विचार. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता दुसरा विषय. तू "बाई" लिहितोस, म्हणून मी डोळ्यांपुढे पन्नाशीच्या, जाड भिंगाच्या बाई आणल्या होत्या. भिंग या केसावरही धरलं. टोकापासून मुळापर्यंत एक रंग, चकाकी कायम. ही बाई तिशीच्या आतली आहे. आणि कोट म्हणशील तर कोटाचा केस उशीवरच्या पाकिटात येत नाही. तो टोपीत अडकून आला असणार, म्हणजे तुझी टोपी तिच्या खुंटीवर किंवा तिच्या हातात जात असली पाहिजे.

आणि मला गणितात फसवू नकोस. वीस एप्रिलला लागवड. मग सगळं गळणार, मग कोंब, मग वर्षाने रूप. ती जूनमध्ये जाणार. मग हे केस उगवल्यावर बघणार कोण? तुझे मालक?

नववा प्रश्न पुन्हा लिहिते. केस कशासाठी हवेत?

तुझी आत्या


१० मार्च

प्रिय आत्या,

दहा दिवस पत्र लिहिलं नाही, कारण तू बरोबर आहेस.

तीन वर्षं आम्ही एका दुकानात आहोत. ती अंधाऱ्या खोलीत लोकांची नजर तपासते, नंबर काढून कागद देते, मी चौकट बसवतो. मला "काडीवाले" म्हणते, कारण मी दिवसभर चष्म्याच्या काड्या वाकवतो. "काडीवाले, ही टोपी जन्मतः होती का?" असं एकदा म्हणाली. मी हसलो. त्या रात्री झोप आली नाही. तिच्या खोलीत भिंगांच्या पेट्या ने-आण करायचं काम माझ्याकडे आहे. तिथे मिट्ट अंधार, एक दिवा असतो तोही गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर. दिवसभरात तेवढ्याच वेळी मी टोपी काढून तिच्या टेबलावर ठेवतो आणि डोक्याला वारा लागू देतो. केस तिथूनच आला असेल.

तिला विचारायचं आहे. लग्नाचं. पण ती ज्याला ओळखते तो टोपीतला माणूस आहे. विचारायचं आणि मग टोपी काढायची, ही फसवणूक. आधी टोपी काढायची आणि मग विचारायचं, एवढी माझ्यात धमक नाही. म्हणून ठरवलं होतं, ऑपरेशन झालं की निदान सांगता येईल, येताहेत, थोडं थांब. ती थांबणार नाही हे मलाही कळतं. कळून काय उपयोग?

जाळ्यासारख्या केसांचं विचारलं. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, हीच खरी खूण. मुळं दमत जातात, केस दरवेळी बारीक उगवतो, शेवटी उगवतच नाही. त्यांनी यंत्र लावून बघितलं, टाळूवरही तेच चाललंय.

तूही एक विचारशील का? आतोबांना. त्यांचं टक्कल माझ्या आठवणीत कायमचंच आहे. त्यांना कधी काही वाटलं का? मी पुरुषमाणसाला हे विचारू शकत नाही.

तुझा


१९ मार्च

चिरंजीवास,

विचारलं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

संध्याकाळी ते गॅलरीत बसले होते. मी म्हटलं, "तुम्हाला टकलाचं कधी वाईट वाटलं का हो?"

म्हणाले, "चहा ठेवतेस का?"

मी ठेवला. चहा आणला, पुन्हा तेच विचारलं. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "तू पस्तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस."

तुला आठवतं का, त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक काळा कंगवा असतो? दोन दात पडलेला. डोक्यावर केस नाही आणि खिशात कंगवा. मी चारचौघांत किती वेळा सांगितलंय, आमच्याकडे चांगली वस्तू टाकायची पद्धत नाही, बघा, ह्यांनी कंगवासुद्धा टाकला नाही! लोक हसायचे, हेही हसायचे. मला त्यांच्या काटकसरीचा अभिमान होता. तो कंगवा त्यांनी खिशातून काढला आणि म्हणाले, "सकाळी हा खिशात टाकला की तयार झाल्यासारखं वाटतं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही म्हणे! आणि मी त्यांना मागच्या रांगेत उभं राहिलेलं बघून मर्यादशील म्हणत होते.

तेव्हा माझी हरकत मी मागे घेते. देवाने दिलं, देवाने नेलं, हे खरं. पण ज्याच्या डोक्यावरून नेलं त्याला काय वाटलं हे विचारायची बंदी देवाने घातलेली नाही, ती माझी मीच घातली होती. तुला लागवड करायची तर कर. हौस म्हणून कर, आरशासाठी कर, सकाळी तयार वाटावं म्हणून कर. पैसे कशाला घालवतोस असं मी म्हणणार नाही.

मात्र एक. केसांचं आणि तिचं, दोन्ही एका खुंटीला टांगू नकोस. केस उगवायला वर्ष लागतं, ते त्यांच्या चालीने येतील. तिची गाडी जूनमध्ये सुटते. जो निर्णय आधी संपतो तो आधी घ्यावा. आणि ती टोपीतल्या माणसाला ओळखते म्हणतोस, तर मग तीन वर्षं काड्या कोण वाकवतंय? टोपी?

पाच तारखेच्या आत डॉक्टरांना माझा दहावा प्रश्न विचार. हा शेवटचा. "तुमचा स्वतःचा मुलगा बत्तीस वर्षांचा असता आणि त्याचं डोकं असं असतं, तर तुम्ही या वीस तारखेला केलं असतं का?" विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघ, कागदाकडे बघू नकोस.

तुझी आत्या

ता. क. आतोबा म्हणतात, त्यांच्या वेळी असं काही असतं तर त्यांनी केलं असतं का, ते त्यांना सांगता येत नाही. मी रोज सकाळी विचारते. रोज उत्तर वेगळं येतं.


२ एप्रिल

प्रिय आत्या,

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काउंटरवरच्या मुलीला दार लोटून घ्यायला सांगितलं.

म्हणाले, "मुलगा असता तर आत्ता केलं नसतं. वर्षभर औषध देऊन गळती थांबते का बघितलं असतं. तुमच्या घराण्याची यादी बघता टाळू अजून उघडी पडणार. मागचा साठा ठरलेला आहे. आज सगळा कपाळावर खर्च केला तर चाळिशीत पुढे बट आणि मागे चंद्र, आणि लावायला हातात काही नाही. आधी जुने केस सावरू, मग नवे लावू. तेव्हाही लावायचेच असतील तर." मग म्हणाले, "हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. आत्यांना नमस्कार सांगा."

तारीख सोडली. रद्द केली असं नाही, वर्षाने पुन्हा दाखवायला जायचं आहे. बाहेर पडलो तेव्हा हलकंही वाटलं आणि गेले चार महिने ज्या डोक्याची वाट बघत होतो ते हातातून गेल्यासारखंही वाटलं. हे दोन्ही तुला लिहितो, कारण लबाडी केली की तू भिंग काढतेस.

दुसरं. परवा संध्याकाळी मालक लवकर गेले. ती दिवे बंद करत होती. मी म्हटलं, एक लावून ठेवा. टोपी काढली. उभा राहिलो तो नेमका त्या दोन आरशांच्या मधे, त्यामुळे तिला एकदम पंधरावीस टकलं दिसली असतील.

मी म्हणालो, "हे असं आहे."

ती म्हणाली, "काय?"

"डोकं."

"बरं. मग?"

पाठ केलेलं सगळं विसरलो. तोंडातून निघालं ते असं: "तुमचा एक केस माझ्या आत्याच्या वहीत आहे. साडेचौदा इंच." मग पाकिटांचं, चिमट्याचं, आतोबांच्या शिंकेचं, सगळं सांगावं लागलं, आणि शेवटी लग्नाचंही विचारून टाकलं. तोवर मला दरदरून घाम फुटला होता आणि पुसायला टोपीच होती.

तिने शेवटचा दिवा बंद केला. तुझा पत्ता मागितला. दिला.

आता काय?

तुझा


८ एप्रिल

आदरणीय आत्या,

नमस्कार. मी तुमच्या वहीतल्या वेगळ्या रकान्यातली.

तुमच्या भाच्याने मला एक प्रश्न विचारला आहे. उत्तर देण्याआधी मला जाणून घ्यायचं होतं, की भाच्याचे केस पोस्टाने मागवून मोजणारं माणूस कसं लिहितं. त्याच्याकडून तुमची पत्रं वाचायला मागितली. त्याने एकोणीस मार्चचं तेवढं दिलं, बाकीची लाजून दिली नाहीत. ते मी तीनदा वाचलं. आतोबांना माझा नमस्कार सांगा, आणि कंगव्याचे दोन दात पडलेत त्याबद्दल सहानुभूती.

तो म्हणतो, अंधाऱ्या खोलीत तो टोपी काढतो, कारण तिथे काही दिसत नाही. बाहेरून उजेडातून येणाऱ्याला दिसत नाही, हे खरं. मी तिथे आठ तास बसते, आत्या. अंधारात बघायचं माझं कामच आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला तशी गरजही नव्हती, उगाच डोकं खाजवायचा. मग कपाळ मागे गेलं. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून टाळू. त्याला आरशात दिसायच्या वर्षभर आधीपासून मी बघते आहे. वाकून पेटी उचलताना तो एक सुस्कारा टाकतो आणि टोपी काढतो, तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली येतात. मी मुद्दाम पेट्या जास्त वेळा मागवत असे. हे त्याला सांगू नका. किंवा सांगा.

टोपी जन्मतः होती का, असं मी म्हटलं ते ती काढावी म्हणून. टोमणा चुकीच्या जागी लागला, हे तुमच्या पत्रातल्या 'टोपीतल्या माणसा'वरून कळलं.

केसांचं काय करायचं ते त्याने ठरवावं, डोकं त्याचं आहे. वर्षाने डॉक्टरांकडे गेला तर मी बाहेर बाकावर बसेन, आणि लावले तर गळून पुन्हा उगवेपर्यंत बघेन. मलाही बघायचं आहे ते कसं होतं.

मी जाणार त्या गावी इस्पितळासमोर एक गाळा भाड्याने आहे. नजर तपासलेला प्रत्येक माणूस कागद घेऊन त्याच्या दारावरूनच जातो. मी दोनदा जाऊन बघून आले, पहिल्यांदा जानेवारीत, म्हणजे त्याने विचारायच्या खूप आधी. त्याने दुकानासाठी साठवलेल्या पैशात बसतो.

सोबत एक केस पाठवते आहे. आजच्याच कंगव्यातला. जुळवून घ्या. जुळला तर माझं उत्तर त्याला तुम्हीच कळवा.

एक प्रश्न माझाही आहे. तुम्ही त्याला पूर्वी काही नावाने हाक मारायचात म्हणे, ते तो सांगत नाही.

तुमची,
नजर तपासणारी


१३ एप्रिल

चिरंजीव कुरळ्या,

नाव पुन्हा चालू केलं आहे. तक्रार असेल तर तिच्याकडे कर, मी तिला कळवून बसले आहे, आणि सहाव्या वर्षीचा तुझा फोटोही पाठवला आहे. पुढच्या रांगेतला.

तिचा केस आला. खिडकीत उजेडाला धरला, भिंगातून बघितला. रंग तोच. शेवटाचं वळण तेच. लांबी मात्र पंधरा इंच भरली, म्हणजे फेब्रुवारीपासून अर्धा इंच वाढ. आतोबांनी पट्टी स्वतः हातात घेऊन खात्री केली, मी त्यांना शिंकू दिलं नाही.

जुळतो.

सोबत तिचं पत्र ठेवते, तुझं तू वाच. त्यात एक जागा आहे, "हे त्याला सांगू नका, किंवा सांगा" अशी. मी सकाळी देवाजवळ बसून विचार केला आणि सांगायचं ठरवलं. तू तीन वर्षं समजत होतास की तिथे अंधार आहे.

दोन्ही केस एका पाकिटात घालून ट्रंकेत फोटोंबरोबर ठेवले आहेत. मागे तारीख लिहिली आहे. वेगळा रकाना मिटवला.

आतोबांनी त्यांचा कंगवा तुझ्यासाठी दिला आहे, तोही या पत्राच्या पाकिटात आहे. म्हणाले, औषध लागू पडलं तर उपयोगी येईल, नाही पडलं तर खिशात राहील. मी म्हटलं, मग तुमच्या खिशाला? तर म्हणाले, "आता तू विचारतेस ना रोज."

तुझी आत्या